गटाचा फोन घेताना सोबत वायर न्या

गेल्या काही दिवसांत आपल्या अंबड तालुक्यातल्या तीन ग्रामसंघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "ताई, गटाच्या कामासाठी फोन घ्यायचा ठराव झालाय. कोणता घ्यावा?" आम्ही प्रत्येक वेळी उलटा प्रश्न केला, "त्यातले फोटो आणि कागद उतरवणार कुठे?" तिन्ही ठिकाणी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणून आजचं बोलणं या विषयावर.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात कसा पाऊस झाला, ते आपण कुणी विसरलेलो नाही. गोदाकाठच्या एका गावात एका गटाच्या सचिव ताईंच्या घरात पाणी शिरलं. इतिवृत्ताची वही, बचत आणि कर्जाची नोंदवही, सगळ्याचा लगदा झाला. ताई हुशार. दर बैठकीनंतर त्या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायच्या. पण फोन मुलाचा. पावसाच्या आधीच, फोन अडखळतो म्हणून, मुलाने तो रीसेट मारला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की त्यात अकरा बायकांचा हिशेब आहे.

मग सगळ्याजणी बसल्या. जिच्याकडे वैयक्तिक पासबुक होतं तिचं जुळलं. बँकेच्या नोंदीवरून गटाचं एकूण कर्ज कळलं. पण एका ताईचे पाचशे-पाचशेचे दोन हप्ते कुठेच सापडेनात. ती म्हणते भरले. बाकीच्यांना आठवत नाही. शेवटी गटाने एक हप्ता भरल्याचा धरला आणि एक तिने पुन्हा भरला. ती खरी की गटाची आठवण खरी, हे आजही कुणाला खात्रीने सांगता येत नाही. ती बैठकीला येते, पण पूर्वीसारखी पुढे बसत नाही.

फोटो काढलेले होते. ते फक्त एकाच जागी होते, आणि ती जागा आपली नव्हती. फोन निवडताना आम्ही आता कॅमेऱ्याआधी हा विचार करतो.

आता आमच्या कॉम्प्युटरकडे येऊ. आमच्या प्रभागसंघाच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे, एका कॉलेजाने काढून टाकलेला. त्यात विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलं, आणि विंडोज 11 ला असली जुनी मशीन चालत नाहीत. नवीन कॉम्प्युटरला पैसे नाहीत. तेव्हा कॉम्प्युटर शिकलेल्या एका ताईच्या भाच्याने त्यात लिनक्स मिंट टाकून दिलं. एक रुपया लागला नाही, आणि तोच कॉम्प्युटर आता पहिल्यापेक्षा लवकर सुरू होतो.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात. कॉम्प्युटर चालवणारी ही एक प्रणाली आहे. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली. तिला मुक्त म्हणतात, कारण ती कशी बनवली आहे ते उघडं असतं, कुणीही बघावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. पापडाची कृती लपवून न ठेवता सगळ्या गटांना वाटून टाकण्यासारखं. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं अशाच प्रणालीवर शिकतात. आपल्या मराठी अक्षरांचंही त्यात काम झालेलं आहे. 'लोहित' नावाचा मुक्त फॉन्ट रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी बरीच वर्षं सांभाळला, आणि 'मुक्ता' हा फॉन्ट मुंबईच्या एक टाईप या मंडळींनी केला. तेव्हा हे काही परदेशातलं परकं प्रकरण आहे, असं मनात आणू नका.

आता गंमत बघा. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन आतून याच लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे. पहिला अँड्रॉइड फोन 2008 मध्ये बाजारात आला, तेव्हापासून. म्हणजे फोन आणि आमचा कॉम्प्युटर तसे एकाच घराण्यातले. तरीही प्रत्येक फोन प्रत्येक कॉम्प्युटरशी गुण्यागोविंदाने बोलेलच असं नसतं. भावकीतही कुठे सगळे बोलतात!

आयफोन घ्यावा का, असं एका गावात विचारलं गेलं. कुणाच्या तरी जावयाने जुना, स्वस्तात देऊ केला होता. नको म्हणालो. आयफोनचा सगळा कारभार ज्या आयट्यून्समधून चालायचा, ते ॲपल लिनक्ससाठी देतच नाही. वायरने जोडला तर फोटो बहुतेक दिसतात, पण तेही नव्या आयफोनमध्ये एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवलेले असतात आणि जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडायला जास्तीची खटपट लागते. शिवाय उमेदचे हिशेब आपण ज्या लोकोस ॲपमध्ये भरतो, ते अँड्रॉइडवर चालतं. आपल्या कामाला अँड्रॉइडच. पूर्णपणे मुक्त प्रणालीवर चालणारे फोनही जगात निघाले आहेत, पाइनफोन त्यातलाच एक. पण आपली बँकेची, यूपीआयची ॲप त्यांच्यावर सरळ चालत नाहीत. त्यामुळे आपल्यासाठी तो विषय सध्या बाजूला.

मग अँड्रॉइडमधला कोणता? कंपनीचं नाव सांगा, असा आग्रह होतो. आम्ही नाव सांगत नाही, कारण सहा महिन्यांत ते मॉडेल दुकानातून गेलेलं असतं. काय बघायचं ते सांगतो.

साठवण आधी बघा. आपला हिशेब मांडून पाहा. एका सीआरपी ताईकडे वीस गट धरा. महिन्याला चार बैठका, प्रत्येक बैठकीचे तीन फोटो, हजेरी, नोंदवही आणि इतिवृत्त. झाले दोनशे चाळीस फोटो. एक फोटो चार एमबीचा धरला तर महिन्याला साधारण एक जीबी, वर्षाला बारा. त्यावर व्हॉट्सॲपच्या शुभ सकाळ वेगळ्या. त्यामुळे 64 जीबीचा फोन दीड-दोन वर्षांत रडतो, 128 जीबी घ्या. मेमरी कार्डाची जागा असेल तर उत्तम. फोन पडून बंद पडला तरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावता येतं. मात्र कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो कार्डावर साठवायला सांगावं लागतं, नाहीतर कार्ड रिकामंच राहतं. आमच्याकडे वर्षभर रिकामं राहिलं होतं.

दुसरं, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, ते विचारा. दुकानदार बहुतेक सांगणार नाही, पण कंपनी जाहीर करते. स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षंच मिळायची, आता त्यात सुधारणा आहे. 2024 मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलक्सी ए16 5जी या मधल्या किमतीच्या फोनला सहा वर्षांची हमी कंपनीने दिली. ज्या फोनवरून गटाचे पैसे हलतात तो फोन अपडेटशिवाय वापरणं म्हणजे तिजोरीची किल्ली दारातच ठेवणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती दुकानातच करायची. जोडून बघायचं.

आम्ही फोन घ्यायला जालन्याला गेलो तेव्हा दुकानदार कॅमेरा किती मेगापिक्सेल आणि चार्ज किती मिनिटांत, हेच सांगत होता. आमच्यातल्या एका मावशींनी पिशवीतून वायर काढली आणि म्हणाल्या, "हा फोन आमच्या लॅपटॉपला जोडून दाखवा." त्याच भाच्याचा लिनक्सचा लॅपटॉप आम्ही सोबत नेला होता. दुकानदार हसला. तीन फोन जोडले. दोन लगेच दिसले. तिसरा चार्ज होत होता, पण कॉम्प्युटरवर दिसेना. दुकानदाराला वाटलं आमचा लॅपटॉपच वेगळा. खरं कारण वेगळं निघालं. तो फोन त्याने स्वतःच्या वायरने जोडला होता, आणि त्या वायरीत फक्त चार्जिंगच्या तारा होत्या. माहिती वाहून नेणाऱ्या तारा काही स्वस्त वायरींमध्ये घालतच नाहीत. मावशींची वायर लावली, तोही फोन दिसला.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात एक चांगली वायर आहे, तिला लाल दोरा बांधलेला आहे आणि ती चार्जिंगला द्यायची नाही असा नियम आहे. निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच संपल्या.

लॅपटॉप नेता येत नसेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह करून नेता येतो. कॉम्प्युटर त्यावरून तात्पुरता सुरू होतो, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. पण दुकानदार त्याचा कॉम्प्युटर त्यासाठी देईलच असं नाही. मग निदान बिलावर परत करण्याची मुदत लिहून घ्या आणि त्याच दिवशी ऑफिसात येऊन जोडून बघा.

जोडायचं कसं? फोन वायरने जोडा आणि त्याचं लॉक उघडा. लॉक बंद असेल तर कॉम्प्युटरला फोन रिकामा दिसतो, इथे पुष्कळजणी अडतात. मग वरून खाली बोट ओढा. 'या डिव्हाइसला यूएसबीने चार्ज करत आहे' अशा अर्थाची ओळ दिसेल. तिच्यावर टेकवा आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडा. फोन आपणहून फक्त चार्जिंगवरच राहतो. ती अडचण वाटते, पण आहे आपल्या सुरक्षेसाठी. बसस्टँडवर कुणाच्याही यूएसबीला फोन लावला तरी आतलं काही सहजासहजी बाहेर जात नाही.

कॉम्प्युटरवर फोन उघडला की 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर शोधा. त्यातल्या 'कॅमेरा'त आपण काढलेले फोटो असतात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो तिथे नसतात. ते 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, असे आत दडलेले असतात. कॉम्प्युटरवर वर्ष आणि महिना लिहून फोल्डर करा आणि फोटो तिकडे उतरवा. आधी कॉपी करा, उघडून बघा, मग फोनमधून काढा. सरळ 'हलवा' करू नका. मधेच वायर निघाली किंवा वीज गेली तर फोटो इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

फोन नंबरांची यादीही उतरवता येते. फोनच्या संपर्क यादीत 'एक्सपोर्ट' असतं, त्यातून व्हीसीएफ नावाची एक फाइल तयार होते. ती कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मुक्त कार्यक्रमात उघडते. मराठीत टाइप केलेला मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो, त्यामुळे फोनवर लिहिलेलं इतिवृत्त कॉम्प्युटरवर जसंच्या तसं दिसतं. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये करून आणलेलं पत्र मात्र नुसत्या खुणा आणि चिन्हं दाखवतं, तो दोष लिनक्सचा नाही.

वायर नको असेल तर केडीई कनेक्ट नावाचं मुक्त ॲप आहे. फोनवर ते प्ले स्टोअरमधून घ्यायचं, कॉम्प्युटरवर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. दोन्ही एकाच वायफायवर असले की एकमेकांना दिसतात. पहिल्यांदा जोडी जमवताना दोन्हीकडे एक आकडा दिसतो, तो सारखा आहे ना ते बघून मगच होकार द्यायचा. मग फोटो निवडून 'शेअर' केला की कॉम्प्युटरवर हजर. आमच्याकडे वायफाय नाही, आम्ही फोनचा हॉटस्पॉट वापरतो. फोटो जाताना त्यात नेटचा डेटा खर्च होत नाही. पण कॉम्प्युटरला नेट मिळालं की तो आपले अपडेट उतरवायला बसतो. आमचा दिवसाचा दीड जीबी एका दुपारी असाच संपला आणि ताईंना यूपीआय करायला शेजारणीचा हॉटस्पॉट घ्यावा लागला. आणखी एक, जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं, छोटा यूएसबी अडॉप्टर लावावा लागतो. प्रत्येक अडॉप्टर लिनक्सवर लगेच चालत नाही. तोही जोडून बघूनच घ्या.

आता सिंक या शब्दाकडे येतो, कारण इथे आम्ही स्वतः फसलो.

सिंक म्हणजे दोन्ही जागी एकसारखं राहणं. सिंकथिंग नावाचं मुक्त साधन आहे. फोनचा एक फोल्डर आणि कॉम्प्युटरचा एक फोल्डर बांधून द्यायचा, मग नवीन फोटो आपोआप तिकडे उमटतो. कुणाच्या कंपनीच्या सर्व्हरवर काही साठवलं जात नाही. आपल्या फोनमधून आपल्या कॉम्प्युटरवर, बस. आम्ही खूश. दोन महिन्यांनी फोन भरला म्हणून एका ताईंनी फोनमधले जुने फोटो डिलीट केले. कॉम्प्युटरवर आहेतच की! दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला, आणि तिथलेही गेले.

पावतीपुस्तकातला कार्बन आठवा. वर लिहिलं की खाली उमटतं, पण वरची पावती फाडली तरी खालची तशीच राहते. सिंक तसं नाही. इथे वरची फाडली की खालचीही फाटते, कारण 'एकसारखं ठेव' असंच आपण त्याला सांगितलेलं असतं. ते दोन महिन्यांचे फोटो आम्हाला वह्या गोळा करून पुन्हा काढावे लागले. वह्या होत्या म्हणून निभावलं.

यावर उपाय आहे, आणि तो कॉम्प्युटरच्या बाजूने करायचा आहे. सिंकथिंगमध्ये त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये 'फाइल व्हर्जनिंग' असतं. तिथे 'ट्रॅश कॅन' निवडलं की फोनमधून काढलेली फाइल कॉम्प्युटरवरून नाहीशी न होता एका दडलेल्या फोल्डरात जाऊन पडते. तरीही आम्ही आता महिन्याच्या शेवटी सगळे फोटो सिंकच्या बाहेरच्या वेगळ्या फोल्डरात कॉपी करतो आणि एका पेनड्राइव्हवरही घेतो. पेनड्राइव्ह ऑफिसात नाही, अध्यक्ष ताईंच्या घरी. पाणी शिरलं तर दोन्ही ठिकाणी एकदम शिरू नये म्हणून.

सिंकथिंगमुळे फोन निवडण्याचा आणखी एक मुद्दा पुढे येतो. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद पाडतात. मग सिंक दोन दिवस चालतं आणि गुपचूप थांबतं. सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीचं बंधन नको असं सांगता येतं, पण ते दर फोनमध्ये वेगळ्या जागी असतं. दुकानातच विचारा, तो पर्याय दाखवता येतो का. आणि हेही माहीत असू द्या की सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप 2024 च्या डिसेंबरनंतर पुढे वाढवलं गेलं नाही. आता लोक त्याची 'सिंकथिंग-फोर्क' ही आवृत्ती वापरतात. मुक्त साधनांचं हे असंच असतं, एकाने सोडलं की दुसरा उचलतो, पण मधे आपल्याला लक्ष ठेवावं लागतं. ज्यांना ही कटकट वाटते त्यांनी सिंक करूच नये. महिन्यातून दोनदा लाल दोऱ्याची वायर पुरे आहे. आमच्यातल्या निम्म्याजणी तेच करतात आणि त्यांचं एकदाही काही गेलेलं नाही.

शेवटी, फोन कुणाचा? गटाच्या पैशाने घेतला असेल तर बिल ग्रामसंघाच्या नावावर घ्या. फोनमधलं गूगल खातं गटाच्या कामासाठी वेगळं काढा. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, कोषाध्यक्षांकडे ठेवा. नाहीतर सीआरपी ताई बदलली की खातं तिच्याबरोबर जातं. या फोनमध्ये सभासदांचे आधार, पासबुक असतात, म्हणून लॉक हवंच, आणि ते लॉक घरातल्या पोरांना माहीत नको. हे बोलायला जड जातं. एका घरात यावरून कुरबुर झाली, "आमच्यावर विश्वास नाही का?" ताईंनी सांगितलं, "हा फोन माझा असता तर दिला असता. हा अकराजणींचा आहे." आम्हाला हे उत्तर फार आवडलं, इतर गटांत आता तेच सांगतो.

ज्यांचा ठराव झालेला आहे त्यांनी फोन घेण्याआधी एकदा आमच्या ऑफिसात यावं. मंगळवारी अंबडला कामाला येता तेव्हाच चक्कर मारा. आत्ता वापरता तो फोन आणि त्याची वायर घेऊन या. कॉम्प्युटरला लावून बघू, दिसतो की नाही. दिसला तर कदाचित नवीन घ्यायची गरजही पडणार नाही.